पारसीबागान लेनचे गिरींद्रशेखर

भिलाईत बंगाली शेजाराला तोटा नाही. कारखान्यात आमच्या खात्यातले एक बंगाली सहकारी डबा खाता खाता राजशेखर बसूंच्या, म्हणजे ‘परशुराम’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाच्या, विनोदी कथा आम्हाला हिंदीत सांगत. आपण पु. लं.ची वाक्यं येताजाता म्हणतो, तसं त्यांचं परशुरामांशी नातं. त्यांनीच एकदा सांगितलं की या राजशेखरांचे धाकटे भाऊ मनाचे डॉक्टर होते आणि त्यांचा खुद्द फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. तेव्हा डोक्यात शिरलेले गिरींद्रशेखर बसू आजतागायत बाहेर पडलेले नाहीत.

फ्रॉइडचं मनोविश्लेषण थोडक्यात उरकतो. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने (१८५६-१९३९) मांडलं ते असं : आपण जसे वागतो त्याची बरीचशी कारणं आपली आपल्यालाही ठाऊक नसतात. लाजिरवाण्या, नकोशा इच्छा मन अबोधात ढकलतं. त्या तिथे मरत नाहीत. स्वप्नांतून, जिभेच्या चुकांतून, आजाराच्या लक्षणांतून वेश पालटून वर येतात. इदम् (इड), अहम् (ईगो) आणि पराहम् (सुपरईगो) यांच्या ओढाताणीतून, बालपणीच्या नात्यांच्या ठशांतून व्यक्तिमत्त्व घडत जातं. त्याचे सहकारी युंग आणि ॲडलर यांनी पुढे आपापल्या वाटा धरल्या. बाकीचं कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे.

गिरींद्रशेखरांचा जन्म १८८७ चा. वडील दरभंगा संस्थानात दिवाण, नऊ भावंडांत हे शेंडेफळ. पोरवयापासून जादूचे प्रयोग आणि संमोहन यांचं वेड. १९१० मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, पण शरीराच्या रोग्यांइतकेच मनाचे रोगी त्यांना ओढत राहिले. डॉक्टरकी सांभाळून त्यांनी मानसशास्त्रात एम. एस्सी. केलं आणि १९२१ मध्ये ‘दमन’, म्हणजे इच्छा अबोधात दडपणं, या विषयावरचा प्रबंध लिहिला. त्याचं पुस्तक त्यांनी व्हिएन्नाला पाठवलं. इतक्या दूरच्या मुलखातून आपल्या विषयावर एवढ्या जाणकारीने लिहिलेलं पुस्तक यावं, याचं फ्रॉइडला आश्चर्य वाटलं आणि त्याने ते मोकळेपणाने कळवलं. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, १४, पारसीबागान लेन या बसूंच्या राहत्या घरी इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटी स्थापन झाली आणि आंतरराष्ट्रीय संघटनेला जोडली गेली. हावडा-मुंबई मार्गावर राहण्याचा फायदा असा, की शेजारच्या दुर्गला संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी माणूस कलकत्त्यात असतो. मी तसाच एकदा ती गल्ली बघायला गेलो. राजाबाजारच्या सायन्स कॉलेजच्या आसपासचा गजबजलेला भाग, एकमेकींना खेटून उभी असलेली घरं. हिंदुस्थानातल्या मनोविश्लेषणाची सुरुवात संस्थेच्या इमारतीत नाही, अशा एका नांदत्या घरात झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. बसूंचं म्हणणं असं की इच्छा कधी एकटी जन्माला येत नाही, तिची उलटी इच्छा तिच्याबरोबरच येते. मारावंसं वाटणं आणि मार खावासा वाटणं, प्रेम करावंसं वाटणं आणि कुणी आपल्यावर करावंसं वाटणं, या जोड्या. त्यातली एक आपल्याला जाणवते, दुसरी अबोधात राहते. फ्रॉइडच्या मांडणीत इच्छा दडपली जाते ती मुख्यतः बापाच्या धाकाने, समाजाच्या भीतीने. बसूंच्या मते तिला अडवते ती तिचीच जोडीदारीण. बाहेरचा फौजदार लागत नाही.

समजा, कारखान्यातल्या एका कामगाराला सतत धास्ती आहे की फोरमन आपला चारचौघांत पाणउतारा करील. पाळीवर निघताना पोटात गोळा येतो, ड्युटी बदलून घ्यावीशी वाटते. बसू त्याला नुसता धीर देणार नाहीत. खुर्चीत आडवं करून आधी ती धास्ती त्याला पुरती अनुभवू देतील. मग सांगतील, आता तूच फोरमन हो. समोर मान खाली घालून उभा आहे त्याला बोल, आवाज चढव. तो आधी नाही म्हणेल, मग अडखळेल, आणि एका क्षणी शब्द असे सुटतील की तोच दचकेल. मग पुन्हा पहिली जागा, पुन्हा दुसरी. दोन्ही बाजू सारख्याच आपल्या वाटू लागल्या की धास्तीचा जोर ओसरतो. या पद्धतीला बसूंनी ‘सी-सॉ’ असंच नाव दिलं होतं.

मला हा विचार पटला तो इथे छत्तीसगढमधल्या कुरुदमध्ये. हरेलीच्या अमावस्येला जुन्या वस्तीत दारादारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या लागतात, लोहार चौकटीला खिळा ठोकून जातो, पोरं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच काठ्यांवर, चढून चिखलातून हिंडतात. नांगर-कुदळीची पूजा होते. किती सुंदर सण! पण त्याच रात्रीला टोनहीच्या, म्हणजे चेटकिणीच्या, भीतीची किनार आहे. एखाद्या बाईची नजर वाईट, तिच्यामुळे लेकरू आजारी पडलं, असा बोभाटा होतो, आणि छत्तीसगढमध्ये अशा बायकांचा इतका छळ झाला की २००५ मध्ये टोनही छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. बसूंच्या नजरेने पाहिलं तर बोट दाखवणाऱ्याच्याच मनातला हेवा आधी दिसतो. शेजारणीचं वाईट व्हावं ही इच्छा स्वतःत सोसवत नाही. मग शेजारीणच आपलं वाईट चिंतते, असं वाटू लागतं. बहुतेकदा अशी शेजारीण विधवा, एकटी किंवा जमिनीचा तुकडा नावावर असलेली असते. त्यामागचा जमिनीचा लोभ मी नाकारत नाही. पण लोभी माणसाला स्वतःची भीती खरी वाटते कशी, हे बसूंशिवाय मला नीट उमगलं नसतं.

फ्रॉइडला मात्र उलट्या इच्छेचा हा सिद्धांत पुरेसा वाटला नाही. त्यात मनातल्या शक्तींच्या झुंजीपेक्षा बाह्य रचनेवरच भर आहे, असं त्याचं मत पडलं. बसू हटले नाहीत. १९२९ मध्ये त्यांनी कळवलं की युरोपीय रुग्णांत दिसणारी बापाच्या शिक्षेची भीती माझ्या हिंदी रुग्णांत तशी दिसत नाही. उलट स्त्री व्हावं ही इच्छा इथल्या पुरुषांत सहज सापडते. गुरूला, तेही पत्रातून, असं लिहायला छाती लागते! फ्रॉइडने हा फरक लक्षवेधी असल्याचं मान्य केलं. १९३१ मध्ये त्याच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णू गेला, नागाच्या वेटोळ्यावर बसलेला, वर फण्यांचं छत्र. फ्रॉइडने ती मूर्ती आपल्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवली. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही.

बसूंच्या त्याच सोसायटीत दोन ब्रिटिश लष्करी अधिकारीही होते. रांचीच्या युरोपियन वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख ओवेन बर्कली-हिल आणि क्लॉड डॅली. दोघांनी मनोविश्लेषण वापरून हिंदूंचा स्वभाव, त्यांचा धर्म, त्यांची राजकीय चळवळ यांत विकृती शोधली. राज्यकर्त्याने अख्ख्या प्रजेला रोगी ठरवायचं, हा त्या शास्त्राचा मला दिसलेला सर्वांत वाईट उपयोग. त्याच टेबलाशी बसून बसू उलट दिशेने जात होते, हे पाहिलं की त्यांचं मोठेपण आणखी ठसतं.

आपल्याकडे मुंबईत १९३८ मध्ये एमिलिओ सेर्वादिओ हा इटालियन मनोविश्लेषक मुसोलिनीच्या वंशद्वेषी कायद्यांमुळे येऊन राहिला. पण मराठीत अबोध मन आलं ते दवाखान्यातून नव्हे, साहित्यातून. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ १९४२ ची. संज्ञाप्रवाहाची ती कादंबरी मी तरुणपणी वाचली तेव्हा डोक्यावरून गेली. बसू वाचल्यानंतर ती पुन्हा हातात घेतली, तेव्हा एकाच मनात दोन टोकं एकाच वेळी कशी बोलतात ते जाणवलं.

बसूंनी १९४० मध्ये कलकत्त्यात लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभारलं, त्यासाठी जागा राजशेखरांनी दिली. १९५३ मध्ये गिरींद्रशेखर गेले. त्यांनी फ्रॉइडपुढे ठेवलेला प्रश्न पुढे नेला तो सुधीर काकर यांनी. शिक्षणाने इंजिनीअर, मनोविश्लेषक एरिक एरिक्सनच्या सहवासात या वाटेला लागलेले आणि उत्तरायुष्यात गोव्यात स्थायिक झालेले काकर. हिंदुस्थानी मुलाच्या मनात बापाइतकीच, किंबहुना जास्त, आई व्यापून असते, तिची ओढही असते आणि धास्तीही, हे त्यांनी १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’मध्ये सविस्तर मांडलं. बसूंच्या १९२९ च्या त्या पत्राला तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.