कोर्टाबाहेरचा आवाज

आपल्या सीमाभागात शाळांच्या कबड्डी सामन्याला गेलात, तर कोर्टाभोवती दोन भाषा ऐकू येतात. सर ओरडतात, 'मुट्टू, मुट्टू!' त्याच वेळी मागून एखादे वडील ओरडतात, 'अरे, मागं फीर!' चढाईला मिळतात जेमतेम ३० सेकंद. तेवढ्यात पोरानं कुणाचं ऐकायचं?

माझी मुलगी शाळेच्या संघात खेळते, त्यामुळे पालकांच्या घोळक्यात मी नेहमीच असते. तिनं मला पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, "आई, तू टाळ्या वाजव. बाकी सर सांगतात." मला ते पटलं. डावपेच सरांचे, खेळ मुलांचा. मग पालकांचं काय? त्यांचं काम घरात असतं.

पहिलं झोपेचं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. पहाटे सराव असेल तर रात्री टीव्ही आणि मोबाईल लवकर बंद व्हायला हवेत, आपलेही! दुसरं खाण्याचं. भाकरी, उसळ, दूध, अंडी, शेंगदाण्याचा लाडू एवढं पुरे. महागड्या पावडरींची गरज नाही. कुस्ती-ज्युदोत वजनी गट असतात. गटात बसावं म्हणून वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवणं किंवा त्याचं पाणी तोडणं धोक्याचं आहे. तिसरं दुखण्याचं. गुडघा दुखतो म्हणाला, तर 'नाटकं करू नकोस' म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.

खेळ कोणता, हेही मुलांनाच ठरवू द्या. बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीच्या शेतकरी घरातली मलप्रभा जाधव ज्युदो शिकली आणि २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये ५२ किलो गटात कांस्यपदक घेऊन आली. तोवर आपल्यापैकी किती जणांनी कुराशचं नाव ऐकलं होतं?

अर्थात प्रत्येक मूल पदक आणणार नाही. पण आठवी-नववीत खेळ सुटतो, तो बऱ्याचदा घरच्या बोलण्यानं. मुलींना 'आता पुरे' म्हटलं जातं, मुलांना 'दहावी जवळ आली'. तासभराच्या खेळानं दहावी बुडत नाही.

सामना हरून आलेल्या मुलाला चूक ठाऊक असते. ती सर उद्या सरावात दाखवतीलच. आपण आधी पाणी द्यावं, नि जेवायला वाढावं. बोलायचं असेल तर तोच बोलेल, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये!