शेवटच्या बाकावर बसणार कोण?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि शाळाशाळांच्या शिक्षक खोलीत दुसरा विषय उरला नाही. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक नोकरी बाकी आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायची; नाहीतर घरी बसायचं. वीस-बावीस वर्षं खडू झिजवलेल्या बाईंनी आता आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या शेजारच्या बाकावर बसून गोल काळे करायचे. अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टचा महाराष्ट्रातून गेलेला तो खटला. झळ मात्र साऱ्या देशाला, ग्वाल्हेरच्या हजीऱ्यालाही.

या परीक्षेत प्रश्न दीडशे, गुण दीडशे, उत्तीर्ण व्हायला साठ टक्के. मराठी किंवा हिंदी माध्यमाचा शिक्षक दुसरी भाषा म्हणून बहुधा इंग्रजी घेतो, तिला तीस गुण. या तीस गुणांसाठी इंग्रजीचा एक शब्दही तोंडातून काढावा लागत नाही, वर्गात उभं राहणं तर दूरच. ज्या हजीऱ्यात तानसेनाची कबर आहे, तिथल्या माणसाला गवयाची पारख चार पर्यायांतून उत्तर निवडायला लावून करा म्हटलं तर तो हसेल. मास्तराची पारख मात्र आता अशीच व्हायची.

ही वेळ का आली, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. फार मागं नाही. १९५८ साली हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, पुढे औरंगाबादला महाराष्ट्राची राज्य आंग्ल भाषा संस्था आली. तिथले अहवाल आणि परिपत्रकं धूळ खात पडली असतील तर पडू द्यावीत. एक गोष्ट तेवढी त्या काळाची घेण्यासारखी. बी.एड.चा विद्यार्थी सराव पाठ घ्यायचा तेव्हा शेवटच्या बाकावर प्राध्यापक बसलेला असायचा. आधी सूक्ष्म पाठ, मग सेतू पाठ, मग पूर्ण तासाचा पाठ. पाठ टाचण आदल्या दिवशी तपासून घ्यायचं आणि तास संपल्यावर निरीक्षण वहीतला लाल शाईचा शेरा वाचून तोंड पाडायचं. ‘फळ्याकडे तोंड करून बोलता’, ‘मुलांना बोलू देत नाही’. या शेऱ्यांनी किती जणांची शिकवण्याची रीत सुधारली, ते जुन्या शिक्षकांना विचारावं.

गंमत म्हणजे, इंग्रजी शिकवायला परदेशी जाणाऱ्यांचं जगात सर्वांत मानलं जाणारं प्रमाणपत्रही याच बाकावर उभं आहे. जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ साली लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये एक छोटा अभ्यासक्रम काढला. तोच पुढे केंब्रिजकडे गेला आणि ‘सेल्टा’ नावाने ओळखला जाऊ लागला. त्यात किमान १२० तासांचं शिक्षण आणि त्यातच खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तासांचं अध्यापन, तेही कोणीतरी बघत असताना. शिवाय केंब्रिजने नेमलेला बाहेरचा तपासनीस प्रत्येक तुकडी पाहून जातो. आता मोबाइलवर जाहिरातींचा पूर आहे: १२० तासांचं ‘टेफल’ प्रमाणपत्र, घरबसल्या, थायलंड-व्हिएतनामात नोकरीची स्वप्नं. १२० हा आकडा तेवढा उचलला, सहा तास गाळले. ‘टेफल’ या नावावर कोणाची मालकी नाही, त्यामुळे प्रमाणपत्र देणाराही कोणी आणि त्याला मान्यता देणाराही कोणी.

पण वर्गात उभं न करता प्रमाणपत्र विकण्याचा हा धंदा आपल्याकडे मोबाइलवरच्या जाहिरातींच्या आधीच सुरू झाला होता. ते दशक साधारण २००४ ते २०१४.

१९९२ साली ग्वाल्हेरची जेसी मिल ही कापड गिरणी बंद पडली आणि हजीरा-बिर्लानगरच्या घरांतून पगार गेला. कामगाराच्या पोरासमोर ज्या थोड्या वाटा उरल्या, त्यांत सरकारी मास्तरकी सर्वांत भरवशाची. इकडे २००० साली महाराष्ट्रात रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. ज्या गुरुजींचं स्वतःचं शिक्षण मराठीत झालं होतं, त्यांच्या हाती रातोरात इंग्रजीचं पुस्तक आलं. मागणी दोन्हीकडे होती. ती भागवायला दोन्हीकडे दुकानं उघडली.

महाराष्ट्रात डी.एड.ची विद्यालयं कोणी काढली, हे तालुक्याच्या गावी कोणालाही विचारा. संस्थाचालकाचं नाव आणि आमदाराचं नाव यांत पुष्कळदा फरक नसायचा. या विद्यालयांना मान्यता देणारी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची पश्चिम विभागीय समिती तेव्हा भोपाळला बसायची. म्हणजे गडचिरोलीच्या विद्यालयाची फाईलही भोपाळला आणि भिंडच्या महाविद्यालयाचीही भोपाळला. ग्वाल्हेर-चंबळमध्ये ‘नॉन अटेंडिंग’ हा शब्द याच काळात रुळला. प्रवेश घ्या, फी भरा, थेट परीक्षेला या. बिहार-उत्तर प्रदेशातली मुलं परीक्षेपुरती ग्वाल्हेरला उतरायची. सराव पाठांच्या वह्या? त्या विकत मिळायच्या, टाचणासकट. निरीक्षकाचा शेराही तयार असायचा आणि तो सगळ्या वह्यांत सारखाच, ‘पाठ समाधानकारक’.

एवढा निर्लज्ज कारभार न्यायालयापर्यंत गेला नसता तर नवल. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि २०११ साली न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांचा आयोग नेमला गेला. वर्मा मूळचे सतन्याचे, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. भोपाळ-जबलपूरची हवा त्यांना ठाऊक. त्यांच्या आयोगाने कागद बाजूला ठेवून संस्थांची प्रत्यक्ष तपासणी करवली, तर त्यांतल्या बहुसंख्य संस्था मान्यतेच्या लायकीच्या निघाल्या नाहीत. अहवाल ऑगस्ट २०१२मध्ये आला. त्याच वर्षअखेर हेच वर्मा दिल्लीच्या बलात्कार प्रकरणानंतरच्या समितीचे अध्यक्ष झाले. त्या समितीचा अहवाल देशाला पाठ आहे, शिक्षकांबद्दलचा कोणाला आठवतही नाही. इकडे मध्य प्रदेशात २०१३ साली व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या, म्हणजे व्यापमच्या, घोटाळ्याचं गाठोडं सुटलं आणि पुढच्या वर्षी संविदा, म्हणजे कंत्राटी, शिक्षक भरतीच्या प्रकरणात एक माजी मंत्री अटकेत गेले.

मग सुधारणा आल्या. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतली आंतरवासिता लांबली. ज्याने एक वर्ष वर्गात न जाता काढलं, तो दोन वर्षंही काढू शकतो, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसेल असं म्हणवत नाही. २०१६ ते २०१९ या काळात ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि महाराष्ट्र शासनाने ‘तेजस’ प्रकल्प चालवला. त्यात इंग्रजीच्या शिक्षकांचे छोटे गट आपापल्या भागात जमून एकमेकांच्या अडचणी बघायचे. स्वस्त, साधा आणि माणसामाणसांतला उपक्रम. तो प्रकल्पाची मुदत संपली तसा मागे पडला.

आणि तपासणीचं काय झालं? मुरैना जिल्ह्यातल्या झुंडपुऱ्याचं एक महाविद्यालय ग्वाल्हेरच्या जीवाजी विद्यापीठाशी संलग्न होतं. फक्त ते गावात कुठे दिसत नव्हतं. तपासणी समित्यांचे अनुकूल अहवाल मात्र फाईलला होते. जानेवारी २०२५मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने कुलगुरूंसह अनेक प्राध्यापकांवर गुन्हा नोंदवला, फेब्रुवारीत राज्यपालांनी कुलगुरूंना हटवलं. खटल्यात काय सिद्ध व्हायचं ते होईल. त्याच फेब्रुवारीत सीबीआयने उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या एका तपासणी पथकातल्या मंडळींना लाचेच्या आरोपाखाली पकडलं. मुरैन्याचं खेडं काय आणि देशपातळीवरची संस्था काय, रोग एकच.

म्हणून टीईटीच्या निकालाचा राग येतो. कायदा न्यायालयाने बरोबर वाचला; शिक्षण हक्क कायद्यात पात्रतेची अट आहे, ती पाळायलाच हवी. पण ज्या संस्थांनी न शिकवता पदव्या वाटल्या, ज्या समित्यांनी न बघता शेरे लिहिले, त्यांना पुन्हा परीक्षेला कोणी बसवलं नाही. बसवलं ते शिक्षकाला. आणि ती परीक्षा तरी स्वच्छ? महाराष्ट्रात २०१९-२०च्या टीईटीत साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल बनावट निघाले, हे पुणे पोलिसांनीच उघड केलं.

हजीऱ्यात काय किंवा हडपसरला काय, येत्या जूनमध्ये कोणी मुलीला बी.एड.ला घालणार असेल, तर महाविद्यालयाची इमारत, मान्यतेची पाटी आणि निकालाचे टक्के बघण्याआधी कार्यालयात तीन गोष्टी विचाराव्यात. सराव पाठ कोणत्या शाळेत होतात, त्या वेळी वर्गात कोण बसतं आणि गेल्या वर्षीच्या निरीक्षण वह्या बघायला मिळतील का? वह्या दाखवायला टाळाटाळ झाली, तर फी भरू नये.