महाग केबलने चित्र सुधारते काय?

दुकानदार म्हणतो, "गुरुजी, सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल घ्या, रंग खुलतील." मंडळी, त्यात तथ्य नाही. या केबलमधून रंग नव्हे, शून्य आणि एक हे अंक वाहतात. ते बिनचूक पोचले, की शंभराच्या आणि हजाराच्या केबलचे चित्र अगदी सारखेच! वर्गभर लांब ओढायची असेल, तर मात्र चांगली जाड घ्यावी.

खरी गोम छपरावर असते. छत्रीच्या तारेच्या जोडात पाणी शिरले, की संकेत क्षीण होतो. थोड्या चुका पेटी स्वतःच दुरुस्त करते, त्यामुळे आपल्याला पत्ताही लागत नाही. चुका वाढल्या, की चित्राचे चौकोन पडतात आणि मग पडदा काळा. जुन्या संचावर आधी मुंग्या दिसत, तशी सूचना इथे मिळत नाही. तेव्हा पावसाळ्यापूर्वी जोड उघडून पाहा. आतली तार हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोड बसवा.