अष्ठीला ग्रंथीवरील लेसर शस्त्रक्रिया
उतारवयात वाढलेल्या अष्ठीला (प्रोस्टेट) ग्रंथीमुळे मूत्रप्रवाहास होणारा अडथळा लेसर किरणांनी दूर करण्याची पद्धती. मूत्राशय व गुदमार्ग यांमधील दगडासारख्या गाठीचे ‘वाताष्ठीला’ असे वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते.

मूत्रमार्गातून अंतर्दर्शक घालून विद्युत् तारेने ग्रंथी कातरण्याची रीत जुनी असून तीत रक्तस्राव अधिक होतो. होल्मियम लेसरचे सुमारे २·१ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण पाण्यात तत्काळ शोषले जातात. त्यामुळे ते ऊतकात (समान कोशिकांच्या समूहात) अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी खोल जातात आणि लहान रक्तवाहिन्या जागीच मिटवितात. न्यूझीलंडमधील पीटर गिलिंग यांनी १९९० नंतरच्या दशकात या किरणांनी ग्रंथीचा वाढलेला भाग आवरणापासून सोलून काढण्याची पद्धती विकसित केली. सुटा झालेला भाग मूत्राशयात ढकलून, बारीक करून शोषून घेतात व कर्करोगाच्या तपासणीस पाठवितात. हिरव्या किरणांनी ग्रंथीचे बाष्पीभवन केल्यास तपासणीस ऊतक उरत नाही, हा त्या प्रकारातील मोठाच दोष होय. शस्त्रक्रियेनंतर वीर्य उलट मूत्राशयात जाणे मात्र बहुधा टळत नाही.

अल्प रक्तस्रावाचे महत्त्व नंदुरबार जिल्ह्यात विशेष आहे. तेथील आदिवासींमध्ये दात्रकोशिका पांडुरोग (सिकलसेल) आढळतो व अशा रुग्णास रक्तहानी आणि थंडी दोन्ही बाधतात. म्हणून मूत्राशय धुण्याचा लवणविद्राव कोमट वापरणे इष्ट. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरी पाड्यांवरून रुग्ण येण्यास विलंब झाला, तर तुंबलेल्या मूत्राच्या दाबाने वृक्क (मूत्रपिंडे) निकामी होऊ शकतात. अशा वेळी प्रथम नळीने मूत्र काढून वृक्कांचे कार्य शक्य तितके सुधारू देतात. शस्त्रक्रिया त्यानंतर करतात.