विनायक : एका नावाची गोष्ट

आज आपल्याला एकाच नावाबद्दल बोलायचंय. नाव आहे विनायक. आपल्या वर्धा जिल्ह्यात हे नाव माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. केळझरच्या टेकडीवरचा गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांत मोजला जातो, आणि पवनारला धाम नदीच्या काठी ज्यांचा आश्रम आहे त्या विनोबांचं पाळण्यातलं नाव विनायकच. तेव्हा या नावाचा अर्थ काय, ते आलं कुठून आणि एवढं पसरलं कसं, हे क्रमाने पाहू.

आधी एक जुना प्रश्न घेऊ. विशेषनामाला अर्थ असतो का? जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्लिश तत्त्वज्ञ म्हणतो, नसतो. नाव ही नुसती खूण. डार्टमथ म्हणजे डार्ट नदीच्या मुखाजवळचं गाव. पण उद्या नदीने पात्र बदललं म्हणून गावाचं नाव काही चुकीचं ठरत नाही. आपल्याला इतकं लांब जायला नको. वर्धा शहरातून वर्धा नदी वाहत नाही, ती भेटते पुलगावकडे गेल्यावर. म्हणून काही शहराचं नाव कुणी खोटं मानत नाही.

आपल्या नैयायिकांनी हाच विचार जास्त बारकाईने केला. त्यांनी शब्दांचे प्रकार पाडले. घटकांवरून अर्थ लागतो तो यौगिक, उदाहरणार्थ 'पाचक'. रूढीनेच अर्थ कळतो तो रूढ. आणि दोन्ही एकत्र असतील तर योगरूढ. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेलं, पण चिखलातल्या बेडकाला आपण पंकज म्हणत नाही. आता 'विनायक' घ्या. व्युत्पत्ती पाहिली तर तो यौगिक दिसतो. गणपतीसाठी वापरला की योगरूढ होतो. आणि शेजारच्या घरातल्या पोराचं नाव विनायक असेल, तर तो आईबापांनी ठरवलेला निव्वळ संकेत. एकच शब्द तीन पायऱ्या उतरून आपल्या अंगणात येतो.

व्युत्पत्ती काय? 'नी' म्हणजे नेणे. त्यावरून नायक, नेणारा. त्याला 'वि' हा उपसर्ग लागला. गंमत अशी की हा 'वि' दोन्ही बाजूंनी बोलतो. 'विशेष' मधला घेतला तर विनायक म्हणजे श्रेष्ठ नेता. 'वियोग' मधला घेतला तर ज्याच्यावर कुणी नेता नाही असा. वामनपुराणात तर वेगळीच फोड आहे: पार्वतीने नायकाविना, म्हणजे शंकराविना, हा पुत्र घडवला, म्हणून विनायक. आणि 'नी' चा 'दूर नेणे' हा अर्थ धरला तर विघ्नं दूर नेणारा. आज बहुतेक घरांत हाच अर्थ सांगतात.

पण इतिहास पाहिला तर हा अर्थ नंतरचा आहे. मानवगृह्यसूत्रात एक विनायक नाही, चार आहेत, आणि ते चारही त्रास देणारे आहेत. माणसाला झपाटणारी ही भुतं. याज्ञवल्क्यस्मृतीत चारांचा एक झाला, अंबिकेचा पुत्र झाला, गणांचा अधिपती झाला. तरी काम तेच, विघ्न आणायचं. त्याने धरलं की राजपुत्राला राज्य मिळत नाही, मुलीला नवरा मिळत नाही, शिष्याला विद्या येत नाही, व्यापाऱ्याला नफा होत नाही, शेतकऱ्याला पीक होत नाही. म्हणून त्याची शांती करायची. विघ्न आणणारा तोच, प्रसन्न झाला की काढणाराही तोच. ज्याच्या हाती कुलूप त्याच्याच हाती किल्ली! भीतीतून भक्ती कशी घडते याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं.

आता दुसरा धागा. अमरकोश आपल्यापैकी काहींनी लहानपणी पाठ केला असेल. त्यात गणपतीच्या नावांत विनायक आहेच, पण त्याच्या बरेच आधी, बुद्धाच्या नावांतही विनायक आहे. कसं? 'वि' आणि 'नी' मिळून शिकवणे, वळण लावणे असाही अर्थ होतो. त्यावरूनच 'विनय', आणि त्यावरूनच भिक्षूंच्या आचारनियमांचा ग्रंथ विनयपिटक. वळण लावणारा तो विनायक, या अर्थाने बुद्ध विनायक. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला गेलात तर हे दोन्ही धागे एका जागी दिसतील. तिथली लेणी बौद्ध आहेत, आणि त्यातल्याच एका विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज बसलेला आहे. पुढे बौद्ध धर्माबरोबर हा हत्तीमुखी देव चीनमार्गे जपानलाही पोचला. तिथे त्याला 'बिनायक' असंही म्हणतात. तमिळनाडूत 'विनायगर' आहे, नेपाळमध्ये भक्तपूरजवळ सूर्यविनायक आहे. एकाच कुळाची, एकाच पंथाची मालकी सांगता येईल असं हे नावच नाही.

मग महाराष्ट्रात मुलांची नावं विनायक का पडली? कारणं साधी आहेत. दर महिन्याची शुद्ध चतुर्थी ही विनायकी. त्या दिवशी जन्मलेल्या मुलाला हे नाव सहज सुचतं. ज्यांना पत्रिका लागते त्यांच्याकडे रोहिणी नक्षत्राच्या अक्षरांत 'वी' येतो. कुणाच्या घरी आजोबांचं नाव नातवाला जातं. मग बारशाला आत्या कानात नाव सांगते आणि पाठीवर धपाटे पडतात.

एकोणिसाव्या शतकातली माणसं पाहा. 'बालबोध' मासिक काढणारे विनायक कोंडदेव ओक, कवी विनायक म्हणजे विनायक जनार्दन करंदीकर, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे, १८८३ साली भगूरला जन्मलेले विनायक दामोदर सावरकर, १८९५ साली गागोद्याला जन्मलेले विनायक नरहरी भावे. ही यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. ही सगळी ब्राह्मण घरं आहेत. गणपती तर सगळ्यांचा होता. मग संस्कृत नाव सगळ्यांचं का नव्हतं?

इथे जरा थांबू या. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसं ठेवावं याचा नियम आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलदर्शक, वैश्याचं धनदर्शक आणि शूद्राचं नाव हीनता दाखवणारं असावं, असं तिथे सांगितलंय. म्हणजे माणूस बोलायला शिकण्याआधीच त्याची पायरी त्याच्या कानात सांगायची. आपल्या खेड्यांत धोंड्या, दगड्या, केऱ्या अशी नावं होती. त्यातली काही मूल जगावं, नजर लागू नये म्हणून नवसाने ठेवलेली, हे खरं. पण पूर्ण नाव असूनही ते तोडूनच हाक मारायची, हेही खरंच. मिल म्हणतो नाव ही नुसती खूण. खूण खरी, पण ती कपाळावर कुणी मारली, हा प्रश्न उरतोच.

त्याला उत्तर लोकांनीच दिलं. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद जन्माला येऊ लागले. नाव निवडणं हा हक्क आहे, हे त्या पिढीने दाखवून दिलं. शाळेच्या हजेरीपटावर मग सगळ्या जातींची मुलं सगळ्या तऱ्हेची नावं घेऊन बसू लागली. विनायकही त्यात आला. विदर्भात मात्र त्याला एक मोठा भाऊ आहे, गजानन. शेगावच्या महाराजांमुळे आपल्याकडे गजाननांना तोटा नाही. शेगावावरून आठवलं, आपलं सेवाग्रामही आधी शेगावच होतं. गांधीजींची टपाल तिकडच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं.

आता विनोबांकडे येऊ. आई त्यांना 'विन्या' म्हणायची. १९१६ मध्ये ते गांधीजींकडे कोचरबच्या आश्रमात गेले आणि तिथे ते 'विनोबा' झाले. १९२१ मध्ये ते वर्ध्याला आले ते विनोबा म्हणूनच. हा 'बा' साधा नाही. विठोबा, खंडोबा हे देव. ज्ञानोबा, तुकोबा, चोखोबा हे संत. इथे ब्राह्मण, कुणबी, महार तिघांनाही एकच प्रत्यय लागतो. त्यात आदर आहे आणि सलगीही आहे. 'विनायकराव' म्हटलं की माणूस खुर्चीवर बसतो, 'विनोबा' म्हटलं की तो ओसरीवर येतो. पोथीतलं नाव लोकांच्या तोंडात बसलं ते असं.

आणि हेही लक्षात घ्या, की सावरकर आणि विनोबा, दोघेही विनायक. दोघांच्या विचारांत किती अंतर आहे ते मी सांगायला नको. नावाने माणूस ठरत असता तर हे झालं नसतं.

शेवटी एक चिठ्ठी आली आहे. एका ताईंनी विचारलंय, 'सासऱ्यांची इच्छा आहे मुलाचं नाव विनायक ठेवावं. आम्हाला ते जुनं वाटतं. काय करावं?' ताई, घरचा निर्णय तुमचाच. मी इतकंच सांगेन. आजोबांना त्या नावात आपले वडील किंवा आपला देव दिसत असेल, तो त्यांच्याकडून एकदा नीट ऐकून घ्या. मग जे ठेवाल ते पूर्ण उच्चारा. विनायक ठेवा, विहान ठेवा, पण त्या पोराला आणि त्याच्याबरोबर खेळणाऱ्या प्रत्येक पोराला नाव न तोडता हाक मारा. या नावाच्या अर्थांत वळण लावणं हाही एक अर्थ आहे, हे मघाशी पाहिलंच. सुरुवात हाकेपासून करता येईल.

पुढच्या वेळी आडनावांकडे वळू. तो विषय याहून अवघड आहे.