गर्भवती माता आणि एच. आय. व्ही.

चेन्नईत एका चिकित्साकेंद्रास वाय. आर. गायतोंडे यांचे नाव दिलेले आहे. हे कुटुंब चेन्नईत स्थायिक झालेले, महाराष्ट्रीय. आणि १९९३ साली ते केंद्र उभारले त्यांच्या कन्येने, डॉ. सुनीती सॉलोमन यांनी.

त्याआधी, १९८६ साली, सुनीतीबाई मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत होत्या. त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले, घरच्या शीतकपाटात सांभाळले आणि तपासणीसाठी वेल्लोरला नेले. सहा स्त्रियांच्या रक्तात एच. आय. व्ही. आढळला. भारतातील ही पहिली नोंद. त्या स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या होत्या, म्हणून हा आपल्या घरचा प्रश्न नव्हे, असे समाजाने ठरवून टाकले. पुढे सुनीतीबाईंकडे ज्या स्त्रिया येऊ लागल्या, त्यांत पतीवाचून दुसरा पुरुष न जाणणाऱ्या गृहिणीही होत्या.

अशा स्त्रीस दिवस गेले तर काय? हा विषाणू बाळापर्यंत तीन वेळी पोहोचू शकतो : गर्भात असताना, प्रसूतीच्या वेळी आणि अंगावरच्या दुधातून. काहीच उपाय न केल्यास शंभरांतील १५ ते ४५ बालकांना बाधा होते. वेळेवर औषध मिळाल्यास हे प्रमाण पाचांच्या खाली येते. आईच्या रक्तातील विषाणूंची संख्या औषधाने घटते, आणि ती जितकी घटेल तितका बाळाचा धोका कमी, एवढे साधे हे गणित आहे. २०१४ पासून आपल्या देशात प्रत्येक बाधित गर्भवतीस ही औषधे आजन्म व विनामूल्य देण्याचे धोरण आहे. जन्मल्यावर बाळासही काही आठवडे औषध पाजतात. केवळ या बाधेसाठी पोट चिरून प्रसूती करण्याचे कारण नसते. औषध नियमित चालू असेल तर आई बाळास स्वतःचे दूधही पाजू शकते. पहिले सहा महिने मात्र निव्वळ तेच द्यावे, त्यात वरचे दूध मिसळू नये.

मग अडते कोठे? माझा जन्म सरकारी कागदांत चालला आहे, म्हणून कागदाचीच गोष्ट सांगतो. एका रुग्णालयात मी गर्भवतीच्या केसपेपरवर तांबड्या शाईने मोठी खूण केलेली पाहिली. ती झाडूवाल्यापासून शेजारच्या खाटेवरील बाईच्या नणंदेपर्यंत सर्वांना दिसत होती. २०१७ च्या कायद्याने, जो २०१८ साली अंमलात आला, संमतीवाचून चाचणी करण्यास, बाधा उघड करण्यास व उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. पण सासरी कळेल या धास्तीने जी बाई औषधाची डबी धान्याच्या डब्यात दडवते, तिच्यापर्यंत हा कायदा अजून पोहोचावयाचा आहे.

बाळास बाधा नाही, हा शेवटचा निर्वाळा अठराव्या महिन्याच्या चाचणीनंतर मिळतो. तोवर तिला बाळ कडेवर घेऊन त्याच खिडकीशी पुनःपुन्हा यावे लागते. आणि खिडकीपलीकडचा कारकून तिच्याशी कोणत्या स्वरात बोलतो, यावर ती पुढल्या खेपेस येईल की नाही, हे पुष्कळसे ठरते.