मोतीबिंदू गोळ्यांनी उतरत नाही

"ऑपरेशन नको, मध घालते डोळ्यात," असं घरातले बुजुर्ग म्हणतात. पण मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नाही. आतलं भिंगच धुरकट होतं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग परत पारदर्शक होतो का? तसंच हे.

बाजारात 'डोळ्यांच्या' गोळ्या महाग मिळतात. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात क व ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीनने मोतीबिंदू थांबला नाही (2001); 2013 मध्ये ल्युटिननेही ऑपरेशन एकूणात टळलं नाही. पालक, गाजर, पपई जरूर खा, ते पैसे तिथे लागू देत. शुगर काबूत ठेवा, तंबाखू सोडा, स्टिरॉइडचे थेंब मनाने घालू नका. घरचा मध निर्जंतुक नसतो. बऱ्याच सुरम्यांत शिसं असतं, लेकरांना तर लावूच नका.

आणि ऑपरेशन काही परकं नाही. हजारेक वर्षांपूर्वी मोसुलच्या अम्मार या हकीमांनी पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढायची रीत लिहून ठेवली होती. आज बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत काम होतं. फार पिकू दिला तर मात्र ते अवघड जातं, डोळ्यातला दाबही वाढू शकतो.

वजूचं पाणी आणि सजदा किती दिवस टाळायचा, हे डॉक्टरांना आधीच विचारा; तोवर नमाज कशी पढायची, ते इमामसाहेब सांगतील.